उन्हाळी शिबिराची फाइल: फॉर्म, संमतिपत्र आणि सोलापूरचं ऊन

शाळेतल्या बाई आपल्या मुलाला वर्षानुवर्षं बघत असतात. त्याचं पोट कधी खरंच दुखतं आणि कधी गणिताच्या तासाला दुखतं, डबा कोणाच्या घशात जातो, रडायच्या आधी खालचा ओठ कसा थरथरतो, हे त्यांना कोणी लिहून दिलेलं नसतं. शिबिरात मात्र पहिल्या दिवशी तो पिवळ्या टीशर्टातला एक अनोळखी मुलगा असतो. ओळख होईपर्यंत पंधरा दिवस संपतात आणि प्रमाणपत्रं वाटून होतात. म्हणून शिबिराचे कागद शाळेच्या कागदांसारखे उरकून चालत नाही. बाईंना जे वर्षांनी कळतं, ते इथे दोन पानांत सांगायचं असतं.

हे मला फॉर्म भरताना कळलं नाही. ऑफिसात जेवणाच्या सुटीत, एका हातात भाकरीचा तुकडा धरून मी तो भरला. ‘काही आजार आहे का?’ यापुढे ‘नाही’ लिहून मोकळी झाले. खोटं काहीच नव्हतं. उन्हात घोळणा फुटणं याला आमच्या घरात कोणी आजार म्हणत नाही. पाचव्या दिवशी अकराला फोन आला, “ओ मॅडम, नाकातून रक्त येऊलालंय, थांबंना की!” तिथल्या ताईंनी घाबरून त्याची मान मागे टेकवलेली. रक्त घशात उतरलं, मग लाल उलटी झाली, आणि ती बघून बाकीची पोरं रडायला लागली. खरं तर मान जराशी पुढे झुकवून, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं न सोडता धरायचा, तोंडानं श्वास घ्यायला सांगायचं, एवढंच काम होतं. दोन ओळींचं. त्या मी लिहिल्या नव्हत्या.

आधी तारखा

मार्चमध्येच एक मोठा कागद घ्या आणि एप्रिल, मे, जूनचे आठवडे आखा. राज्य मंडळाच्या शाळांचा निकाल बहुधा १ मेला झेंडावंदनासोबत हातात पडतो आणि सुटी जूनच्या मध्यापर्यंत चालते. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये नवा वर्ग सुरू करतात आणि मग सुटी देतात. दोन मुलं दोन मंडळांच्या शाळेत असतील तर एकाची सुटी आणि दुसऱ्याचा युनिफॉर्म हा तिढा आधीच सोडवून ठेवलेला बरा. त्याच कागदावर लग्नाच्या तारखा, गावची जत्रा, आजी-आजोबा इथे आहेत की गावाला, आणि तुमची किती रजा शिल्लक आहे, हेही लिहा. नळाला रोज पाणी येत नाही अशा भागात राहत असाल तर पाण्याचा दिवसही. हसू नका. पाण्याच्या दिवशी सकाळी सातला मुलाला सोडायला घरातलं कोणी रिकामं नसतं.

आता वेळ. आपल्याकडची बरीचशी शिबिरं सकाळी सात ते दहा किंवा संध्याकाळची असतात, आणि हवा बघता ते शहाणपणाचंच आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या जरा आधी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शिबिरात विज्ञानाचे कोणी हौशी सर असतील तर हा प्रयोग ते नक्की करून घेतील, फक्त पाच मिनिटांत आवरा म्हणावं. हवा मात्र त्याच्याही नंतर, दोन ते चारच्या दरम्यान सर्वांत जास्त तापते.

नोकरी करणाऱ्या आईबापांना तीन तासांचं शिबिर पुरत नाही, म्हणून दिवसभराचं शोधावं लागतं, किंवा सकाळचं शिबिर आणि दुपारी शेजारच्या काकू अशी जोडणी करावी लागते. जोडणी करत असाल तर मधला अर्धा तास कोणाचा, हे कागदावर नाव घालून लिहा. घोटाळा नेहमी त्या अर्ध्या तासातच होतो.

पैसे भरण्याआधी जागा बघा, तीही दुपारी तीनला

माहितीपत्रकावर घोडेस्वारी, रोबोटिक्स, वैदिक गणित, काय वाटेल ते छापलेलं असतं. सकाळी आठला जाऊन बघितलं तर कोणतीही जागा छान वाटते. भर दुपारी जा. डोक्यावर स्लॅब आहे की पत्रा, हे पहिलं बघा. पत्र्याखाली पंखा फक्त गरम हवा फिरवतो. वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं? पिण्याचं पाणी माठात आहे, जारमध्ये आहे की टाकीचा नळ? टाकी उन्हात असेल तर दुपारी त्या नळाला चहा करण्याजोगं पाणी येतं. स्वच्छतागृहाची कडी आतून लावून बघा आणि ती सात वर्षांच्या मुलाला उघडता येईल का, याचा अंदाज घ्या. मुख्य दाराशी कोण बसतं, तेही विचारा.

मग प्रमुखांसमोर बसा. किती मुलांमागे एक ताई किंवा दादा? एक मूल आजारी पडून कोणी त्याच्यासोबत दवाखान्यात गेलं तर मागे उरलेल्यांजवळ कोण? ‘सिव्हिल’ किंवा जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर, आणि न्यायला गाडी कोणाची? पारा ४३-४४ च्या घरात गेला तर मैदानी खेळांचं काय करता? या शेवटच्या प्रश्नाला “मुलांना सवय असते ओ” असं उत्तर मिळालं तर चहा पिऊन निघा.

एक प्रश्न विचारायला जीभ अडखळते, पण विचारायचाच. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी, म्हणजे शाळा, पाळणाघरं, खेळाच्या अकादमी वगैरेंनी, आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यावी. शिकवणारा असो की झाडणारा, कायमचा असो की कंत्राटी. तेव्हा “तुमच्या लोकांचे पडताळणीचे दाखले फाइलला असतील ना? एकदा बघते” असं सरळ म्हणा. नीट संस्था कपाट उघडते. जिथे “आमच्यावर विश्वास नाही का?” असा सूर लागतो, तिथे उत्तर मिळालेलंच असतं.

फाइलमध्ये काय घालायचं

फार काही नाही. वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखल्याची झेरॉक्स, दोन ताजे फोटो, लसीकरण कार्डाची प्रत, औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी. ताजे म्हणजे खरंच ताजे फोटो. आधारवरचा फोटो पुष्कळदा मूल मांडीवर असतानाचा असतो. आधार मागितलंच तर मास्क केलेलं द्या. आधारच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येतं आणि त्यात पहिले आठ अंक झाकलेले, शेवटचे चारच दिसतात. प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहा: ‘फक्त उन्हाळी शिबिराच्या प्रवेशासाठी’, खाली तारीख आणि सही. नव्या पेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडे गर्दी असली तरी हे तिथेच उभं राहून करा. घरी आल्यावर राहून जातं.

लसीकरणाचं कार्ड काढलंच आहे तर एकदा वाचाही. पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि दहाव्या वर्षीचं टीडीचं (धनुर्वात, घटसर्प) इंजेक्शन, ही दोन हमखास राहिलेली असतात, कारण तोवर आपण बाळाचा दवाखाना सोडलेला असतो. मैदानात गुडघे फुटणारच आहेत. शिबिराआधी दोन-तीन आठवडे हातात असतील तर राहिलेलं उरकून घ्या.

फॉर्म, म्हणजे खरं काम

रात्री मूल झोपल्यावर, निवांत बसून भरा. फॉर्ममध्ये जागा नसेल तर वेगळा कागद जोडा आणि फॉर्मवर ‘सोबतचा कागद पाहावा’ असं लिहा.

आरोग्याच्या रकान्यात आजाराचं नाव पुरत नाही. काय होतं, कशानं होतं आणि तेव्हा काय करायचं, या तिन्ही गोष्टी हव्यात. ‘दमा’ एवढं लिहू नका, ‘धुळीत पळाल्यावर छाती सूं-सूं वाजते, निळा पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून द्यायचा, किती वेळा ते चिठ्ठीत, दहा मिनिटांत बरं वाटलं नाही तर दवाखाना’ असं लिहा. फिट, साखर, हृदयाचा काही त्रास असेल तर फॉर्मवर थांबू नका, प्रमुखांना समोरासमोर भेटून सांगा. रक्तगट तपासलेला असेल तरच लिहा; अंदाजानं नको.

औषधांबाबत मी जरा हट्टी आहे. ‘ताप आला तर एक चमचा पॅरासिटामॉल’ हे वाक्य धोक्याचं आहे. त्या सिरपची ताकद बाटलीगणिक वेगळी असते: ५ मिलीमध्ये कुठे १२० किंवा १२५ मिलीग्रॅम, कुठे २५०. चमचा तोच, औषध दुप्पट. तेव्हा बाटलीवरचं पूर्ण नाव, ताकद, किती मिली, किती तासांच्या अंतरानं, आणि देण्याआधी तुम्हाला फोन करायचा की नाही, हे सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह लिहा. औषध मूळ खोक्यातच द्या, पुडीत बांधून नको.

खाण्यातली अ‍ॅलर्जी. सोलापुरात ‘शेंगदाणे चालत नाहीत’ एवढं लिहून भागत नाही. इथे शेंगा कुठे नसतात? शेंगाचटणी हा आपल्याला पदार्थच वाटत नाही, मिठासारखी ती असतेच. भाजीत कूट, खाऊत चिक्की, तेलही पुष्कळदा शेंगदाण्याचंच. म्हणून पदार्थांची नावं घालून लिहा, आणि दुसऱ्याच्या डब्यातलं खायचं नाही हे मुलाला आणि ताईंना, दोघांना सांगा. एखाद्या मुलाला कशानं खरोखर गंभीर त्रास झालेला असेल, तोंड सुजणं, श्वास अडकणं, तर शिबिरातलं जेवण न घेता घरचाच डबा, हा माझ्या मते एकच मार्ग.

भाषेचा रकाना बहुतेक फॉर्ममध्ये नसतोच. तो तुम्ही घाला. आपल्या गावात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी आणि शाळेत मराठी शिकणारी पोरं घरोघरी आहेत. धीटपणे मराठी बोलणारं मूलही पडल्यावर, घाबरल्यावर आईच्याच भाषेत बोलतं. आमच्या शेजारची चिमुरडी दुखलं की तेलुगूतच सांगते. ‘पोट दुखतंय’, ‘बाथरूमला जायचंय’ आणि ‘आईला फोन करा’, ही तीन वाक्यं घरच्या भाषेत, पण देवनागरीत लिहून द्या. भीती कशाची आहे तेही लिहा: कुत्रा, पाणी, अंधार, ढोल. लाज कसली?

संपर्काचे तीन क्रमांक द्या आणि प्रत्येकापुढे वेळ लिहा. बाबा कारखान्यात असतील तर लूमच्या आवाजात त्यांना फोन ऐकू येत नाही. आई वर्गावर असेल तर फोन कपाटात असतो. ‘सकाळी १० ते १: आजोबा, हे उचलतातच’ ही ओळ बाकी सगळ्यांपेक्षा कामाची.

सही करण्याआधी वाचा

संमतिपत्रात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘शिबिरादरम्यान घडणाऱ्या कोणत्याही घटनेस संस्था जबाबदार राहणार नाही.’ अशी सही घेतली म्हणून कोणाच्या निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप पुसली जात नाही. तरी मी त्या वाक्याखाली ‘योग्य ती काळजी घेतली असल्यास’ असं हातानं लिहून सही करते. आजवर एकदाच कोणी भुवया उंचावल्या.

पोहणं, सहल आणि फोटो या तिन्हींची संमती वेगवेगळी असावी. एकाच सहीत तिन्ही गुंडाळलेली असतील तर वेगळी करून मागा. पोहण्यासाठी: पाणी किती खोल, काठावर जीवरक्षक आहे का, एका वेळी किती मुलं उतरतात. “मुलगा मामाच्या विहिरीत पोहतो” ही पात्रता धरू नका. तिथे मामा असतो. सहलीसाठी: जागा, निघण्याची आणि परतण्याची वेळ, गाडी. भुईकोट किल्ला किंवा डॉ. कोटणीसांचं स्मारक गावातलंच, सकाळी जाऊन दहापर्यंत परत येता येतं. नान्नजच्या माळावर काळवीट बघायला जायचं तर पहाटेच. तिथे सावली शोधावी लागते. नळदुर्ग सुमारे ५० किलोमीटर आणि जिल्ह्याबाहेर, तेव्हा त्याची स्वतंत्र चिठ्ठी हवीच. फोटोबाबत मी लिहिते: ‘समूहातला फोटो चालेल; नाव, शाळा आणि चेहरा एकत्र कुठेही टाकू नये.’

आणि हे पत्र, जे शिबिरवाले सहसा मागत नाहीत, आपणहून द्या:

‘प्रति, शिबिरप्रमुख. माझा मुलगा/मुलगी ______, वय __, यास पुढील व्यक्तींखेरीज कोणाच्याही ताब्यात देऊ नये. १) आई ______ २) आजोबा ______ ३) रिक्षाचालक ______, गाडी क्रमांक ______. तिघांचे फोटो जोडले आहेत. ऐनवेळी दुसरे कोणी येणार असल्यास मी माझ्या क्रमांकावरून फोन करून कळवीन आणि येणारी व्यक्ती ठरलेला खुणेचा शब्द सांगेल. शब्द न सांगितल्यास, व्यक्ती ओळखीची वाटली तरी, मूल सोडू नये व मला फोन करावा. आणीबाणीत माझ्याशी संपर्क न झाल्यास जवळच्या रुग्णालयात नेऊन तातडीचे उपचार सुरू करण्यास माझी संमती आहे. सही, दिनांक.’

पत्राची प्रत घ्या आणि मूळ पत्रावर ‘मिळाले’ अशी सही घ्या. खुणेचा शब्द पत्रात लिहू नका. प्रमुखांना आणि मुलाला तोंडी सांगा. आमचा शब्द एका खाण्याच्या पदार्थाचा आहे, त्यामुळे तो कधी विसरला गेला नाही. आईवडील वेगळे राहत असतील आणि ताब्याबाबत कोर्टाचा आदेश असेल तर त्याची प्रतही फाइलला लावा. हे सांगायला जड जातं, पण ते ताईंना दारात सोडवायला लावू नये.

पैसे, रिक्षा, पिशवी

पावती संस्थेच्या नावाची, क्रमांकाची. यूपीआय करताना कोणा दादाच्या खासगी खात्याचा कोड पुढे आला तर थांबून विचारा. पावतीवर जीएसटी लावलेला असेल तर संस्थेचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक छापलेला हवा. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ नं सुरू होतो. क्रमांक नाही आणि कर मात्र लावलाय, असं चालत नाही. मध्येच सोडलं तर किती पैसे परत, हे पावतीच्या मागे लिहून घ्या. आणि दरवर्षी कोणी तरी विचारतंच म्हणून: नाही, शिबिराची फी आयकराच्या वजावटीत (ज्याला आपण ८०सी म्हणतो) बसत नाही. तिथे शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणाची शिकवणी फीच धरतात.

रिक्षावाले मामा शाळेचेच असतील तर उत्तम, पण शिबिराची वेळ वेगळी असते आणि सुटीत त्यांचीही गावाला जायची घाई असते. तारखा त्यांना लिहून द्या. किती मुलं कोंबणार, ते आधीच विचारा. परतीच्या वेळी मुलांनी दाराबाहेर नाही, आत सावलीत थांबायचं, हे मामा आणि ताई दोघांशी बोलून ठरवा.

पिशवीत: रुंद कडेची टोपी, सुती कपड्यांचा जादा जोड, नाव घातलेली लिटरभराची पाण्याची बाटली, पंचा. डब्यात दुपारपर्यंत टिकेल असं: धपाटे, कडक भाकरी-चटणी, काकडी वेगळ्या डबीत. दहीभात सकाळी सातला भरला की दहापर्यंत आंबतो. ओआरएसचं (जलसंजीवनीचं) मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण कालवायचं, अर्धं पाकीट ग्लासात नाही. घेताना ‘डब्ल्यूएचओ’ (जागतिक आरोग्य संघटना) सूत्र लिहिलंय का बघा. दुकानात फळांच्या चवीची गोड पेयं त्याच्या शेजारी मांडलेली असतात. ‘ओआरएस’ हे नाव लावून अशी पेयं विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, तरी सवयीनं हात तिकडे जातो.

ऊन लागल्याची खूण ताईंनाही सांगा. मूल मलूल होणं, डोकं दुखणं, मळमळणं म्हणजे लगेच सावली, पाणी, विश्रांती. अंग भाजल्यासारखं गरम, बोलणं असंबद्ध, शुद्ध हरपू लागली तर उष्माघात समजायचा: १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत राहायचं. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

आदल्या रात्री

मुलाला एक फोन नंबर पाठ हवा. गाण्यासारखा म्हणून घ्या. कोणी अंगाला नको तिथे हात लावला, गुपित ठेव म्हणालं, खाऊ देऊन बाजूला नेलं, तर ओरडायचं, पळायचं आणि घरी सांगायचं. तुला कोणी रागावणार नाही. हे एकदा घाबरवून नाही, जेवताना, चार दिवस थोडं थोडं बोला. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक त्यालाही माहीत असू द्या. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं आधी जा, फाइल ताईंच्या हातात द्या, आणि आरोग्याचा कागद त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचा. कपाटात गेलेला कागद कोणी वाचत नाही.

पहिले तीन दिवस घरी आल्यावर “मजा आली का?” विचारू नका, “हो” च्या पलीकडे काही येत नाही. “पाणी कुठून प्यायलास?”, “शेजारी कोण बसलं?”, “घरी सोडायच्या वेळी कुठे थांबलास?” असं विचारा. आम्हाला रिक्षा वीस मिनिटं उशिरा येते, हे पाण्याच्या प्रश्नावरून कळलं: बाटली दाराशी उभ्या उभ्याच संपत होती.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्राबरोबर उरलेली औषधं, पंप आणि आधारची झेरॉक्स परत मागा. घरी ठेवलेल्या फॉर्मच्या प्रतीवर यंदा जे चुकलं ते लाल पेनानं लिहा आणि ती फाइल पुढच्या वर्षीसाठी जपून ठेवा. आमच्या प्रतीवर ‘घोळणा’च्या खाली आता एक नवी ओळ आहे: ‘पोहून आल्यावर उजवा कान दुखतो, पण विचारल्याशिवाय सांगत नाही.’